हरवलेल्या तक्रारींचा तपास

आमच्या जिल्ह्यात डोकं चालवणारी माणसं फक्त तीन. त्यातला एक मी. उरलेले दोन कोण, याचा शोध मी गेली सहा वर्षं घेतोय, अजून धागादोरा मिळालेला नाही.

माझ्या दारावर पाटी आहे: 'बाळासो, खाजगी गुप्तहेर. संपूर्ण गुप्तता पाळली जाईल. कडी वाजवून कोणी आलं नाही तर मोठ्यानं हाक मारावी.' हाक मारल्यावर बहुतेक वेळा माझी बायको रंगुबाई बाहेर येते आणि 'ते झोपल्यात' असं सांगते. गुप्तहेर चिंतनात असतो हे तिला कोण सांगणार?

मी तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. गुन्हेगारशास्त्राचं यापेक्षा मोठं विद्यापीठ नाही. सत्तर माणसांच्या गर्दीत बिनतिकिटाचा मी मानेवरून ओळखायचो. बिनतिकिटाचा माणूस खिडकीबाहेर फार आवडीनं बघतो. याच नियमानं मी एकदा औंधच्या गाडीत खात्याच्या तिकीट तपासनिसालाच पकडलं होतं. त्याबद्दल माझी बदली झाली, ती वेगळी गोष्ट. पण त्याच्याकडं तिकीट नव्हतं, हे कुणी नाकारलेलं नाही.

माझा सहायक नईम त्याच गाडीवर ड्रायव्हर होता. आता त्याचं पंक्चरचं दुकान आहे आणि एक एम-ऐंशी गाडी आहे. मी मागं बसून दोन टाळ्या वाजवल्या की तो निघतो, एक वाजवली की थांबतो. नईमला बुद्धी बेताची, पण निष्ठा दांडगी. 'आबा, ह्यात काय दम न्हाई,' एवढंच तो प्रत्येक तपासात म्हणतो. मी ते मनावर घेत नाही.

तीन महिन्यांपूर्वी मी एक मोठं काम हाती घेतलं होतं, तेही सांगून ठेवतो. ठसे-भांडार! उद्या गावात दरोडा पडला तर ठसे जुळवणार कशाशी? तेव्हा ते आधीच जमवायला हवेत. माणसाच्या बोटांचा ठसा सगळ्यात सुरेख उमटतो चहाच्या काचेच्या ग्लासावर. टेकळवाडीच्या पोलीस चौकीसमोर मेहरुनबीची चहाची टपरी आहे. गिऱ्हाईक उठलं की मी त्याचा ग्लास अलगद रुमालात गुंडाळून पिशवीत टाकायचो, घरी आणून त्यावर रंगुबाईची तोंडाची पावडर शिंपडायचो आणि नावाची चिठ्ठी चिकटवायचो. अडतीस ग्लास झाले होते. याला चोरी म्हणत नाहीत. याला पुरावा ताब्यात घेणं म्हणतात.

तर, सत्तावीस तारखेला सकाळी मी टपरीच्या बाकावर बसलो होतो. चौकीतून प्रियदर्शनी मॅडम बाहेर आल्या. फौजदार, वय तिशीच्या आतलं, चौकीचा कारभार पहिल्यांदाच एकटीच्या हातात आलेला. चेहरा उतरला होता.

"काका," त्या म्हणाल्या, "तुम्ही दिवसभर इथंच बसलेले असता. तीन महिने झाले, चौकीत एकही माणूस तक्रार घेऊन आलेला नाही. असं का, काही लक्षात येतंय का?"

बस्स! माझी नेमणूक झाली.

"मॅडम, तक्रारी नाहीत म्हणजे आनंदच आहे की!" मी म्हणालो.

"मीही तेच समजत होते." त्यांनी एक कागद पुढं केला. "साताऱ्यात दर महिन्याला गुन्हे आढावा बैठक असते. प्रत्येक ठाण्याचा, प्रत्येक चौकीचा तक्ता लागतो. आलेले अर्ज किती, निर्गत केलेले किती, टक्केवारी किती. आपल्याकडं आलेले शून्य, निकाली काढलेले शून्य. कॉम्प्युटर म्हणतो टक्केवारी शून्य. तीन महिने आपण जिल्ह्यात शेवटचे."

"पण कामच नव्हतं, तर..."

"हे मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, कॉम्प्युटरला सांगा." त्यांनी कागदाची घडी केली. "एकतीस तारखेला संध्याकाळी पाचला तक्ता बंद होतो. या महिन्यातही शून्य राहिलं तर चौकी बंद करून मोठ्या ठाण्यात जोडणार आहेत. मग इथल्या बाईमाणसाला रात्री-अपरात्री नवऱ्यानं मारलं तरी बावीस किलोमीटर जावं लागणार."

आत बसलेल्या हवालदारानं खिडकीतून सुचवलं, "मॅडम, माझाच एक अर्ज टाकूया की. म्हस हरवली म्हणून."

"तुमच्याकडं म्हैस आहे का?"

"न्हाई."

"मग खोटा अर्ज मी घेणार नाही," मॅडम म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. पोरगी जिद्दीची होती. मला तिच्याबद्दल एकदम माया वाटली. चौकी गेली तर मेहरुनबीची टपरीही गेली, आणि टपरी गेली तर मी दिवसभर बसायचं कुठं?

मी दोन टाळ्या वाजवल्या. शेजारच्या पंक्चरच्या दुकानातून नईम हातातली ट्यूब टाकून उठला.

"चोरीला काय गेलंय, आबा?"

"तक्रारी," मी म्हणालो. "गावातल्या सगळ्या तक्रारी कुणीतरी लांबवल्यात."

"ह्यात काय दम न्हाई," नईम म्हणाला आणि किक मारली.

माझा पहिला सिद्धांत सरळ होता. गुन्हेगारांनी संप केला आहे. आता टेकळवाडीत नोंदलेला गुन्हेगार एकच, सिद्धू. बारा वर्षांपूर्वी त्यानं यात्रेत एक बोकड पळवला होता. तो दारात पाय पसरून बसला होता. मी एकदम प्रश्न फेकला, "संपाचा म्होरक्या कोण?"

"कसला संप?"

"गुन्हे का बंद केलेस?"

सिद्धूनं लुंगी वर करून दोन्ही गुडघे दाखवले. "आवं बाळासो, चोरी करायची म्हंजी पळाय लागतंय. मला संडासाला जाताना काठी लागती. तुमच्याकडं गुडघ्याला चोळायच्या तेलाची बाटली हाय का?"

मूळ प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं नाही, हे मी टिपून घेतलं. निघताना त्यानं पाणी प्यालेला ग्लास मी पिशवीत टाकला. एकोणचाळीस.

दुसरा सिद्धांत जास्त खोल होता. टेकळवाडी म्हणजे साताऱ्याचं शेवटचं टोक. ओढा ओलांडला की सांगली जिल्हा. पलीकडची कुठलीतरी चौकी आमच्या हद्दीतल्या तक्रारी गुपचूप आपल्याकडं ओढत असणार, आणि तिकडच्या तक्त्यात वर चढत असणार! मी नईमला गाडी कुंडलच्या रस्त्याला घ्यायला लावली. वाटेत ऊसवाल्या ट्रॅक्टरांनी तासभर खाल्ला. कुंडलच्या अलीकडं एका चौकीत मी तक्रारदाराच्या वेशात शिरलो. वेश म्हणजे मी टोपी काढली.

तिथला हवालदार मला बघून उभाच राहिला. "या या, बसा! तक्रार हाय का? खरी हाय का? आवं चहा सांगा रं पावण्यास्नी!" त्यानं घाईघाईनं कागद ओढला. "काय हरवलंय?"

"शेळी."

"रंग?"

"पांढरी. नाही, काळी. कडेनं पांढरी."

"झकास. गाव?"

"टेकळवाडी."

त्याची लेखणी थांबली. "म्हंजी सातारा." त्यानं कागद फाडला. "आमची हद्द न्हाई. काय गड्या, आशा लावलीस. आमचीबी टक्केवारी घसरलीया या महिन्यात." चहा त्यानं परत पाठवला.

परतीच्या वाटेवर नईम म्हणाला, "आबा, त्यांच्याकडं आपल्या तक्रारी असत्या तर तो एवढा हपापला असता व्हय?" गोष्ट पटण्यासारखी होती, म्हणून मी ती स्वतःच्या वहीत स्वतःच्या नावावर लिहिली.

आता समोरून पाळत ठेवणं भाग होतं. तीस तारखेला मी सिद्धूचं घोंगडं अंगभर पांघरून, धनगराच्या वेशात टपरीशेजारी लिंबाखाली बसलो. ऊन मरणाचं होतं. येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणत होता, "काय बाळासो, ताप आलाय व्हय?" मी वेश मोडला नाही.

साडेनऊला वडापची, माणसं कोंबून आणणारी जीप आली. आमच्याकडं सकाळी जीप एकच असते, त्यामुळं भांडणारे दोघंही एकमेकांवर तक्रार करायला एकाच जीपमधून येतात. जागा नसली तर एकमेकांच्या मांडीवर बसून येतात. त्या दिवशी सूरज आणि धनाजी आले. धनाजीची मेंढरं सूरजच्या मक्यात शिरली होती. दोघं उतरले तेव्हा एकमेकांची गचांडी धरायचीच बाकी होती.

"आज तुला आत घालतोच!" सूरज ओरडला.

"घाल! आधी माझ्या मेंढराचा पाय मोडलास त्याचं बोल!"

मी घोंगड्यात आनंदानं थरथरलो. तक्रार आली! एक नव्हे, दोन! पण मॅडम तेव्हा फोनवर होत्या. हवालदार म्हणाला, "पाच मिन्टं बाकावर बसा." दोघं बसले, मधे हातभर जागा सोडून. जीपमधल्या धुरळ्यानं घसे सुकलेले. मेहरुनबीनं विचारायच्या आधीच चहा पुढं केला. एक ग्लास, एक बशी.

"एकच काच मोकळी हाय बाबांनो. दोघांत घ्या वाटून."

सूरजनं ग्लासातला अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी न बघता धनाजीपुढं सरकवली. दोघांनी फुंकून फुंकून प्यायला.

"पाय लय मोडलाय का रं मेंढराचा?" सूरजनं विचारलं.

"बांधलाय. मका किती गेला?"

"दोन वाफं. र्‍हाऊ दे, चाऱ्यालाच टाकणार हुतो."

जीपचा हॉर्न वाजला. दोघं उठले आणि त्याच जीपनं परत गेले! आतून मॅडम धावत बाहेर आल्या, तेव्हा धुरळाच उरला होता. त्या तिथंच पायरीवर बसल्या. एवढी रडवेली पोरगी मी पहिल्यांदा बघितली.

माझ्या डोक्यात मात्र लख्ख प्रकाश पडला. तिसरा सिद्धांत! चहात काहीतरी घातलेलं असतं! नाहीतर दोन मिनिटांत एवढा बदल? मी तो ग्लास उरलेल्या घोटासकट ताब्यात घेतला (चाळीस) आणि सरकारी दवाखान्यात रक्त-लघवी तपासणाऱ्याकडं नेला. नईमनं वाटेत गाडी इतकी हळू चालवली, की थेंबभरही सांडला नाही.

"यात काय मिसळलंय ते बघा," मी म्हणालो.

त्यानं ग्लास उचलला आणि पिऊन टाकला.

"आलं," तो म्हणाला. "साखर जरा जास्त. अजून हाय का?"

पुरावा नष्ट केल्याबद्दल मी त्याचाही ठसा घेतला. म्हणजे त्यांच्याच दवाखान्यातल्या ग्लासावर. एकेचाळीस.

एकतीस तारीख उजाडली. दुपारी चार वाजले तरी चौकीत चिटपाखरू नाही. मॅडमनी टेबलावरच्या फायली एका खोक्यात भरायला घेतल्या होत्या. मी, नईम आणि मेहरुनबी दारात उभे होतो. तीस वर्षांची टपरी तिची, नवरा गेल्यावर दोन पोरी तिनं त्याच स्टोव्हवर शिकवल्या.

"मॅडम," मी घसा साफ केला, "माझा संशय चहावर आहे. गांजा नसेल, अफू असेल. एकेचाळीस नमुने माझ्या घरी..."

तेवढ्यात मागून खणखणाट झाला. रंगुबाई! डोक्यावर पाटी, पाटीत ग्लास, ग्लासांवर पावडर. तिनं पाटी मॅडमच्या टेबलावर आदळली.

"आवं मॅडम, ह्या माणसाला कायतरी सांगा. मांडणीवर ताट ठेवायला जागा न्हाई. सगळी काच लोकांच्या नावाची. काल मला 'सिद्धू' लिवलेल्या ग्लासात दूध प्यायला लागलं!"

मेहरुनबीनं पाटीत हात घातला. एक ग्लास उचलला, पावडर पुसली, बुडाशी लाल नेलपॉलिशचा ठिपका. पोरींनी लावलेली टपरीची खूण.

"या अल्ला," ती म्हणाली. "माझ्या काचा! मी म्हनती कवापास्नं कमी कशा पडायला लागल्या! पन्नास हुत्या, तीन महिन्यात दहा-बारा उरल्या. रोज दोघांत एक चहा द्यायला लागतोय मला!"

"मग त्येच तर झालं की," रंगुबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "एका ग्लासातला चहा पिल्यावर त्याच पावली आत जाऊन त्याच माणसावर तक्रार कोण करंल? लाज न्हाई वाटायची?"

मॅडमनी आधी ग्लासांकडं बघितलं, मग माझ्याकडं. हवालदारही बघायला लागला. नईम छताकडं बघत होता, पण त्याचे खांदे हलत होते.

"माझाही हाच चौथा सिद्धांत होता," मी म्हणालो.

घड्याळात सव्वाचार झाले होते. मला पहिल्यांदाच कळलं, की तक्रारी पळवणारा तो माणूस मीच. चौकी माझ्यामुळं बुडत होती आणि ही पोरगी माझ्यामुळं खोकी भरत होती. खरं सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ग्लास परत मिळाले," मॅडम थकलेल्या आवाजात म्हणाल्या. "पण आता पाऊण तासात खरी तक्रार आणायची कुठून?"

नईमनं छतावरची नजर खाली आणली. "का? एकेचाळीस काचा चोरीला गेल्या. खऱ्या गेल्या. चोर हितंच हुबा हाय."

सगळे मेहरुनबीकडं वळले. ती दोन पावलं मागं सरली. "न्हाई न्हाई. बाळासोभाऊंवर मी अर्ज दिऊ? माझ्या पोरी कॉलेजला जायच्या तवा ह्यांनी गर्दीतबी दोन सीटा धरून ठेवल्या पाच वर्षं. काचा मिळाल्या. माझं कायबी म्हननं न्हाई."

"भाभी, द्या अर्ज," मी म्हणालो.

"गप्प बसा. चहा घ्या." आणि तिनं सवयीनं किटलीतला चहा एका ग्लासात ओतला, अर्धा बशीत काढला आणि बशी माझ्यापुढं केली. बशीतून आल्याचा वास आला. साडेचार.

मी जर तो घोट घेतला, तर सगळं संपलं. आयुष्यात मी खूप धाडसं केली आहेत, तपासनीस पकडला आहे, पण हे धाडस सगळ्यात अवघड होतं. मी बशी दूर सारली.

"भाभी, ह्याला चहा म्हणतात?" मी म्हणालो. "काचा विसळलेलं पाणी हाय हे. तीन महिने मी ठशांसाठी सोसलं."

मेहरुनबीचा हात तसाच राहिला. तीस वर्षांत तिच्या चहाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. हवालदार म्हणाला, "आय्यो." मग तिचा चेहरा बघता बघता लाल झाला.

"लिवा मॅडम अर्ज! लिवा! फुकटात पितोय रोज, वर काचा उचलतोय, आणि माझ्या चहाला विसळ म्हनतोय! एकेचाळीस काचा! लिवा!"

"चाळीस," मी म्हणालो. "एक दवाखान्याचा आहे."

"एकोणचाळीस," रंगुबाई म्हणाली. "एक सिद्धूचा."

मॅडम इतक्या भराभर लिहीत होत्या, की कागद फाटेल असं वाटलं. अर्जदार मेहरुनबी. मी चोर तरी ठरेन असं वाटलं होतं, पण एवढ्याशा मालाला त्यांनी मला 'गैरअर्जदार' एवढाच दर्जा दिला. मुद्देमाल मोजून परत. चार पंचेचाळीस.

"आता इथं सही करा, मेहरुनबी. 'माझे समाधान झाले आहे' असं लिहिलंय."

"कुठं झालंय?" ती कडाडली. "झालेलं नसताना कशी करू?"

मॅडमनी डोळे मिटले. समाधानाची सही नसेल तर अर्ज निर्गत होत नाही, आणि खोटी सही त्या घेणार नाहीत, हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. तक्ता आता 'आलेला एक, निर्गत शून्य' असा होणार होता.

मी टोपी काढली. या वेळी वेशासाठी नव्हे.

"भाभी, मी खोटं बोललो. तुमाला राग यावा म्हणून बोललो. तुमच्या चहापायी मी रोज घर सोडून हितं येतो. गुप्तहेरगिरी हे निमित्त हाय. काचा उचलल्या हे चुकलं. मला माफ करा."

रंगुबाईनं माझ्याकडं असं बघितलं, की लग्नानंतर पहिल्यांदाच मी तिला दिसलो असावा. मेहरुनबीनं बशी पुन्हा माझ्यापुढं सरकवली. चहा गार झाला होता, वर साय धरली होती.

"पी मग."

मी प्यायलो. बशीला तळ दिसेपर्यंत प्यायलो.

"कसा हाय?"

"लय भारी."

"आता झालं समाधान," ती म्हणाली आणि सही केली. डोळे पुसत म्हणाली, "लय वंगाळ माणूस हाय ह्यो." चार सत्तावन्न. मॅडमनी बटण दाबलं. आलेला अर्ज एक, निर्गत एक, टक्केवारी शंभर.

त्या महिन्याच्या बैठकीत टेकळवाडी चौकी जिल्ह्यात पहिली आली. दुसऱ्या नंबरच्या ठाण्यानं दोनशे अकरा अर्जांतले दोनशे सहा निकाली काढले होते, पण कॉम्प्युटरला ते सांगणार कोण? चौकी वाचली. मॅडमना प्रशस्तिपत्र मिळालं, ते चौकीत लावलंय. पोलीस दप्तरात आपलं नाव यावं अशी माझी आयुष्यभराची इच्छा होती, तीही पुरी झाली. नईमनं त्या पानाची झेरॉक्स काढून दुकानात चिकटवली आहे. मी त्याला रोज काढायला सांगतो, तो रोज विसरतो.

टपरीवर आता प्रत्येकाला अख्खा ग्लास मिळतो. माणसं चहा पितात, तोंड पुसतात आणि तरतरीत होऊन आत जातात. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत सदतीस अर्ज झाले. बांध, कोंबडी, उकिरडा, लग्नात पंगतीला आधी कोण बसलं. बाकावर जागा पुरेना. सूरज आणि धनाजी तर तिसऱ्यांदा आले होते.

परवा दुपारी मॅडम बाहेर आल्या. डोळ्यांखाली काळं, हातात फायलींचा गठ्ठा. टपरीवर माझ्याशेजारी येऊन बसल्या. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाल्या, "काका, एक विचारू?"

"विचारा की."

"दर महिन्याला अर्ज दहा-बाराच असावेत. त्याहून जास्त नकोत, शून्यही नकोत. त्यासाठी साधारण किती ग्लास कमी करावे लागतील?"

मी हिशेब केला. "वीस-बावीस."

त्यांनी मेहरुनबीकडं बघितलं. मेहरुनबीनं सगळं ऐकलं होतं. तिनं धुतलेल्या ग्लासांची परात उचलून माझ्या बाजूला बाकावर ठेवली, आणि आमच्याकडं पाठ करून स्टोव्हला पंप मारायला लागली.

मी खिशातून रुमाल काढला.